कौंडण्यपूरची अश्वशाळा



कौंडण्यपूर म्हटले की आपल्याला रुक्मिणी आठवते. वर्धेचा तो काठ, अंबिकेचे देऊळ, श्रीकृष्णाचा रथ, आणि आषाढीसाठी पंढरपूरच्या वाटेला लागणारी माहेरची पालखी. हे सर्व आपल्या ओठांवर आहे. परंतु परंपरेने हेच जर कुंडिनपूर, तर या नगरीची आणखी एक लेक होती, तिचे नाव दमयंती. आज मला बोलावयाचे आहे ते तिच्या बापाच्या राजवाड्याविषयी नव्हे; त्या वाड्याच्या मागल्या अंगाला जी घोड्यांची शाळा असेल, तिच्याविषयी. इतिहासाच्या व्याख्यानाला सिंहासन, तट, देवालय असा काही विषय असावा, लीद आणि वैरण यांचा कसला इतिहास, असे कोणाच्या मनात आल्यास मी त्याला दोष देणार नाही. माझे सारे आयुष्य जिन-प्रेसच्या फाटकाशी कामगारांत गेले. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. इमारत पाहिली की तिची दर्शनी कमान मला नंतर दिसते. तेथे राबणारी माणसे कोणत्या दाराने आत जात असतील, ते दार माझे डोळे आधी शोधतात.

नळ-दमयंतीच्या कथेतला हंस सर्वांना ठाऊक आहे. कथेचा पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. द्यूतात राज्य गमावलेला नळ कुरूप होऊन, बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे नोकरीला राहतो. नोकरी कसली, तर घोड्यांवरच्या अधिकाऱ्याची. महाभारतकार येथे एक गोष्ट विसरत नाहीत. राजा त्याला काम सांगतो आणि त्याच वाक्यात वेतनाचा आकडाही सांगतो: शंभर शते, म्हणजे दहा हजार. हाताखाली दोन माणसेही देतो. पुढे दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची हूल ऐकून ऋतुपर्ण निघतो, तेव्हा बाहुक रथाला जे घोडे निवडतो ते दिसायला हडकुळे असतात. राजा कुरकुर करतो, पण निवड कारागिराची असते. एका दिवसात रथ कुंडिनपुरात येतो. त्या रथाचा घोष प्रथम कोण ओळखते? नळाचे स्वतःचे घोडे. वार्ष्णेय सारथ्याने मुलांना आजोळी आणून सोडले, तेव्हा ते घोडे येथल्याच अश्वशाळेत बांधलेले राहिले होते. धन्याचा हात ओळखून ते आनंदले, असे व्यास सांगतात. राजा वाड्यात गेला. बाहुक रथशाळेत राहिला. त्याने घोडे सोडले, त्यांची शास्त्राप्रमाणे चाकरी केली आणि रथाच्या बैठकीवरच तो टेकला. दमयंतीची दासी केशिनी त्याच्यावर नजर ठेवून होती. तिने परत येऊन जी नवले सांगितली त्यांत एक असे की, ठेंगणे दार आले तरी हा माणूस वाकत नाही, दारच उंच होते.

पागेच्या इमारतीविषयी इतके नेमके निरीक्षण मी दुसरीकडे वाचलेले नाही. घोड्याचे दार उंच असते, कारण घोड्याला वाकता येत नाही. मोतद्दाराचे दार ठेंगणे, कारण त्याला वाकता येते.

आता कथा सोडून जमिनीवर येऊ. 1960 नंतरच्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी कौंडण्यपूरला उत्खनन केले आणि येथली वस्ती सातवाहनांच्याही आधीपासूनची आहे असे दाखवून दिले. विदर्भात घोडाही जुना आहे. नागपूरजवळ माहुरझरी येथे 1970 नंतर महापाषाणयुगातली शिळावर्तुळे उघडली गेली. त्यांत माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले. त्यांच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते आणि सोबत लोखंडी लगाम होते. म्हणजे सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भागात घोड्याला इतका मान होता की मालकाच्या संगतीने त्यालाही परलोकी धाडीत. घोड्यांची थडगी आपल्याला मिळाली. पण जिवंतपणी ते जेथे उभे राहत, त्या जागेवर बोट ठेवून ही पाहा अश्वशाळा असे म्हणण्याजोगे काही कौंडण्यपूरच्या टेकाडावर उभे नाही. सबंध देशात तरी अशा किती जागा आहेत? हजारो वर्षे या देशात लाखो घोडी बांधली गेली. त्यांची घरे गेली कोठे?

प्रथम ती घरे कशी होती ते पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरला उजेडात आली आणि 1909 मध्ये छापून निघाली. त्यात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेची लांबी घोड्यांच्या संख्येवरून ठरवावी. रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी. चार दारे असावीत. मध्ये घोड्यांना लोळण्यासाठी जागा सोडावी. पुढे ओसरी असावी आणि दाराशी बसण्यास फळ्या असाव्यात. प्रत्येक घोड्याचे ठाण त्याच्या लांबीइतके चौरस असावे, खाली गुळगुळीत फळ्यांची जमीन, खाण्यासाठी गव्हाण, आणि लीद व मूत्र बाहेर जाण्यास वाट असावी. ठाणाचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे. माद्या, वळू आणि शिंगरे यांच्या जागा निरनिराळ्या ठेवाव्यात.

यातले एकही माप हौसेचे नाही. रुंदी दुप्पट का? माझ्या समजुतीप्रमाणे, एक लांबी घोड्याची आणि दुसरी त्याच्या मागेपुढे वावरणाऱ्या माणसाची. अंगात लाथ मारण्याचे बळ असलेल्या जनावराच्या पाठीशी जागा नसेल तर खरारा करणाऱ्याच्या बरगड्या शाबूत राहत नाहीत. आजच्या कारखान्यात यंत्रांमधून चालण्याची वाट किती रुंद ठेवावी यावरून आम्ही भांडतो. ते भांडण कौटिल्याने निदान कागदावर मिटवले होते. मूत्राला वाट हवी, कारण ओल्यात उभा राहिलेला घोडा खुरांत कुजतो, आणि घोड्याचे सारे मोल त्याच्या चार खुरांवर उभे असते. पूर्वेकडे तोंड म्हणजे सकाळचे ऊन आत आणि आपल्याकडचा नैर्ऋत्येचा पाऊस पाठीमागे. शाळेत माकडे, मोर, मुंगूस, चकोर, राघू, साळुंक्या ठेवाव्यात असेही तो सांगतो. वाचताना ही चैन वाटते. पण विष दिसले की चकोराचे डोळे बदलतात आणि साप आला की राघू-साळुंकी ओरडतात, असा समज त्याच ग्रंथात अन्यत्र नोंदलेला आहे. म्हणजे ही पाखरे पहारेकरी होती.

याच प्रकरणात नोकरांची यादी आहे. लगाम धरणारा, घोडे बांधणारा, गवत आणणारा, चंदी शिजवणारा, ठाण राखणारा, केस कातरणारा, विषावरचा वैद्य. यांनी आपापले काम करावे, आणि कामात चूक झाल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे! सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला जाणारा हा नियम वाचताना मला पहिल्या महायुद्धानंतरच्या गिरण्यांचे हजेरीपट आठवले. गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट पक्की आहे: भिंत आणि छप्पर यांच्या जोडीला ही सात माणसे धरल्याशिवाय अश्वशाळेचा आराखडा पुरा होत नव्हता.

आता मूळ प्रश्न, ती घरे गेली कोठे. उत्तर साधे आहे. ती लाकडाची आणि गवताची होती. फळ्यांची जमीन, लाकडी खांब, वर शाकार, पोटात वैरण. अशा इमारतीला काळाने नष्ट करण्याची वाट पाहावी लागत नाही, एक ठिणगी पुरते. पंचतंत्रात गोष्ट आहे. आचाऱ्याने मारलेल्या जळत्या लाकडाने मेंढ्याची लोकर पेटते. तो पळत पागेत शिरतो. गवत भडकते आणि राजाचे घोडे होरपळतात. मग भाजलेल्या घोड्यांना माकडांची चरबी लावावी असे वैद्य सांगतो आणि निरपराध माकडे मारली जातात. मुलांना ही गोष्ट वैराच्या परिणामांसाठी सांगतात. मला ती आगीच्या अपघाताच्या चौकशीसारखी वाटते. चूक स्वयंपाकघराची, नुकसान पागेचे, आणि शिक्षा ज्यांचा कशाशीच संबंध नाही त्यांना.

हीच आगीची भीती आपल्या इतिहासातल्या एका थोर पत्रात आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले हे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नये, असा त्याचा आशय आपण भाषणांतून नेहमी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ते पत्र मुळात पागेविषयी आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत कष्टाने साठवले आहे. आत्ताच उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमची माणसे कुणब्याच्या घरी शिरतील, आणि मोगल बरे होते असे त्याला वाटेल. ही झाली वैरणीची गोष्ट. पुढची गोष्ट इमारतीची. कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवत पसरले आहे आणि वारा सुटला आहे याचे भान राहणार नाही. एका खणाला आग लागली की सारे खण जातील. मग कोणाला कितीही कठोर शिक्षा केली तरी पावसाळ्यात नवा खण उभारण्यास एक लाकूड मिळणार नाही. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल.

राज्य उभारणारा पुरुष उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, यातच त्याचे मोठेपण आहे. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने या पत्रातला मोलाचा शब्द ‘खण’ हा आहे. मराठ्यांची छावणीतली पागा खणांनी मोजली जाई, घरासारखीच. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. लाकूड मिळेल तसे खण वाढवावे. ती दरसाल पावसाळ्यापुरती उभी राहणारी इमारत होती. दसऱ्याला घोडी मोहिमेवर निघाली की तिचे काम संपले. मोहिमेत घोड्याला घर नसे. दोन मेखा, अगाडी-पिछाडीची दोरी, तोंडाला तोबरा आणि वर आकाश. अशा पागेचे अवशेष शोधणारा संशोधक फार तर खांबांची भोके शोधील.

पण तिचा जमाखर्च मात्र मिळतो. बारा महाल आणि अठरा कारखाने अशी जी मराठी राज्याची विभागणी सांगतात, त्यात पागा हा एक महाल आहे. हत्तींचा पीलखाना आणि उंटांचा उष्टरखाना कारखान्यांत मोडतात. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदाराला पाचशे होन आणि पालखी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी.

एक पखालजी! हा आकडा इतिहासाच्या पुस्तकांत मी अनेकदा वाचला. त्याचा हिशेब मांडलेला मात्र कोठे पाहिला नाही. म्हणून मांडतो. घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. पस्तीस धरले तर पंचवीस घोड्यांचे पावणेनऊशे लिटर झाले. पंधरा लिटरची घागर धरा. जवळजवळ साठ घागरी झाल्या. इतके पाणी एका माणसाने, फार तर एखाद्या बैलाच्या पाठीवर पखाल घालून, रोज विहिरीवरून किंवा ओढ्यावरून आणायचे. नालबंदापुढे शंभर खूर. आणि घोडा दिवसाला वीसएक किलो लीद टाकतो असे धरल्यास पंचवीस घोड्यांची पाच क्विंटल होते. ती उचलणाऱ्याचा आकडा तर बखरीच्या या ओळीत आलाच नाही. अटकेपर्यंतच्या दौडींचे आपण वर्णन करतो, ते अवश्य करावे. त्या दौडींच्या मुळाशी ही पाण्याची पखाल आहे.

जाता जाता एक गंमत. घोड्याची चाकरी करणाऱ्या मोतद्दाराला जुन्या मराठीत ‘खासदार’ असेही म्हणत. आज हा शब्द दिल्लीला जाऊन बसला आहे. त्याच्याकडून खराऱ्याची अपेक्षा कोणी करीत नाही.

दगडी पागा नव्हत्याच असे नाही. हंपीची गजशाळा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल: एका ओळीत अकरा दालने आणि प्रत्येकावर घुमट. सोळाव्या शतकात तेथे आलेला पोर्तुगीज व्यापारी नूनिश सांगतो की विजयनगरचा राजा दरसाल तेरा हजार घोडे विकत घेई आणि त्यांतले उत्तम तेवढे स्वतःच्या पागेत ठेवी. आज हंपीला आपण पाहतो ती दालने हत्तींची. घोड्यांच्या त्या अफाट पसाऱ्याचे असे डौलदार काही उरले नाही. फ्रान्समध्ये शांतिई येथे एका सरदाराने अठराव्या शतकात बांधलेली पागा राजवाड्यालाही लाजवील अशी आहे, आणि ती दोनशे चाळीस घोड्यांसाठी होती. दगड वापरला गेला तो मालकाच्या वैभवासाठी. लढणाऱ्या घोड्याच्या वाट्याला तो क्वचितच आला.

आपल्या सिंहगडावर पुणे दरवाज्याने चढून गेल्यावर दारूकोठारापुढे कातळात कोरलेले एक खांबांचे दालन पागा म्हणून दाखवतात. दारूकोठारावर 11 सप्टेंबर 1751 रोजी वीज पडून मोठा स्फोट झाला होता, हे आपण वाचले असेल. ते कोरीव दालन मुळात घोड्यांसाठी खोदले असावे असे मला वाटत नाही. गडावरच्या जुन्या खांबटाक्यांशी त्याचे साम्य उघड आहे. रिकामी जागा सापडली, तेथे घोडी बांधली, आणि नाव चिकटले.

नावे चिकटण्याचा याहून मोठा दाखला उत्तरेत फत्तेपूर सिक्रीला आहे. अकबराने 1571 पासून उभारलेल्या त्या नगरात, बिरबलाचे म्हणून सांगतात त्या वाड्याजवळ, एक लांबच लांब चौक आहे. त्याच्या कडेने ओळीने कोठड्या आणि दगडात कोरलेली कडी आहेत. कित्येक पिढ्या हा चौक घोड्यांचा आणि उंटांचा तबेला म्हणून ओळखला गेला. आता अनेक अभ्यासक म्हणतात की हा तबेला नव्हेच. जनानखान्यातल्या दासी येथे राहत, आणि त्या कड्यांना पडदे बांधीत. विद्वानांचा निकाल काय लागायचा तो लागो. मला या वादाचेच आश्चर्य वाटते. जनावरांच्या राहण्याची जागा आणि नोकर स्त्रियांच्या राहण्याची जागा यांत फरक करणे इतके अवघड जावे, याचा अर्थ बांधणाऱ्यानेच तो फार केला नव्हता. आमच्या गिरणगावातल्या चाळी पाहून तीनशे वर्षांनी कोणी असाच वाद घातला तर मी त्याला हसणार नाही.

वऱ्हाडात घोड्यांनी मागे ठेवलेली सर्वांत मोठी इमारत कोणती? अमरावतीचा परकोट. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांना ना तंबू, ना बुणगे, ना पागा. घोड्यावर येत, लुटीत आणि निघून जात. त्यांच्यापासून अमरावतीच्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवण्यासाठी निजामाच्या सरकारने 1807 मध्ये ही भिंत घातली. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. ज्यांना बांधायला घर नव्हते अशा घोड्यांना बाहेर ठेवण्यासाठी सबंध शहराला भिंत घालावी लागली. अंबा दरवाज्याखालून जाताना पुढच्या वेळी हे जरूर आठवावे.

आणि पुण्याला पेशव्यांच्या खास पथकाची पागा जेथे होती, तेथे 1884 मध्ये मुलींची शाळा निघाली. ती हुजूरपागा या नावानेच महाराष्ट्राला ठाऊक आहे. घोडी गेली, खण गेले, नाव राहिले, आणि त्या नावाला पूर्वी कधी नव्हती अशी प्रतिष्ठा मिळाली. पडक्या पागेचे याहून चांगले काय व्हावे?

खेड्यापाड्यांत मात्र असे भाग्य नाही. वऱ्हाडात गावोगाव देशमुखांच्या गढ्या आहेत. त्यांची पांढरी माती लोक घरे लिंपायला आणि शेतात टाकायला खणून नेतात, आणि पावसाळ्यागणिक एकेक भिंत बसते. प्रथम जाते ती दरवाज्यालगतची पागा, कारण तिच्याकडे कोणी इतिहास म्हणून पाहत नाही. गढीत सदर कोठे होती हे गावातला म्हातारा अभिमानाने दाखवतो. घोडी कोठे बांधीत असे विचारले की हात हवेत फिरवून ‘तिकडं’ म्हणतो.

आपल्यापैकी ज्यांच्या गावी अशी गढी असेल त्यांना माझी एक विनंती आहे. त्यासाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. शिंप्याची फीत आणि वही पुरे. भिंतीत कडी किंवा खुंट्यांची भोके असतील तर जमिनीपासून त्यांची उंची घ्या, आणि दोन कड्यांमधले अंतर घ्या. पाच-सहा फूट भरले तर घोडा, त्याहून बरेच कमी भरले तर शेळ्या-वासरे. फरसबंदी उरली असेल तर तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि ते कोणीकडे वाहते ते पाहा. पागेची जमीन सपाट नसते, ती मोरीकडे उतरती असते. दगडाची कड मागच्या अंगाला झिजली आहे की पुढच्या, तेही पाहा. गव्हाणीचा काठ घोड्याच्या मानेने गुळगुळीत होतो, तो हाताला कळतो. दिव्याचा कोनाडा शोधा. तो वैरणीच्या जागेपासून लांब आणि उंच असेल, तर बांधणाऱ्याला उंदीर ठाऊक होता असे समजा.

मग मोतद्दार कोठे झोपत असे ते शोधा. बहुतेक ठिकाणी त्याला वेगळी खोली मिळणार नाही. ठाणांच्या टोकाला, जेथून सारी दावण दिसते अशा जागी, दोन-अडीच फूट रुंदीचा ओटा असतो. त्याची लांबी मोजून वहीत लिहून ठेवा, आणि खाली गावाचे नाव व त्या दिवसाची तारीख घाला. पुढच्या पावसाळ्यानंतर तो ओटा तेथे असेलच असे नाही.